ग्रुपचा ॲडमिन एक, पिल्लांचा बाप दुसराच? सोसायटीतल्या वटवाघळांचं गणित

केरळमध्ये निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली, की काही तासांत ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वटवाघळाचा फोटो पडतो. खाली एक ओळ असते: "आपल्या झाडावर पण आहेत, काहीतरी करा." २०१८ ला कोझिकोडमध्ये साथ आली, मग २०२१, २०२३, २०२४ ला पुन्हा रुग्ण सापडले. दर वेळी तीच बातमी, तोच फॉरवर्ड. आणि 'काहीतरी करा' याचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो: झाड छाटा.

मी बाळकुमला राहतो. आमच्याकडे एका बाजूला मेट्रो ५ आहे, दुसऱ्या बाजूला गायमुखपर्यंत जाणारा खाडीकिनारा मार्ग. रस्त्याकडेची झाडं कमी होत चालली, की उरलेली मोठी झाडं सोसायट्यांच्या कंपाउंडमध्येच राहतात. भिंतीलगतचे अशोक, गेटजवळचे पाम, एखादा बदाम, एखादं उंबर. म्हणजे या झाडांचा निर्णय महापालिकेइतकाच आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतो.

त्या मीटिंगमध्ये एक प्रश्न कधीच येत नाही: या प्राण्याची पुढची पिढी तयार कशी होते? नर किती, त्यातले बाप किती होतात, त्यांचे शुक्राणू कधी तयार असतात, पिल्लं कोणत्या महिन्यात येतात? विषय थोडा अवघडल्यासारखा वाटेल. पण छाटणीचा एक दिवस किती नुकसान करतो, हे याच उत्तरावर ठरतं. आणि याचा जगातला एक उत्तम डेटा चक्क पुण्यातून आलेला आहे.

आधी ओळख करून घेऊ

सोसायटीत दिसणारं वटवाघूळ आणि निपाहच्या बातमीतलं वटवाघूळ बहुतेक वेळा वेगळं असतं. बातमीतलं ते मोठं, वडा-पिंपळावर शेकड्याने लटकणारं, पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास भरणारं. शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. अशोकाच्या किंवा पामच्या पानांत लपलेलं असतं ते बहुधा आखूड नाकाचं छोटं वटवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स. वजन साधारण ५० ग्रॅम. दोघंही फळं खाणारी, पण स्वभाव, राहणी, संसार सगळं वेगळं.

छोट्याची खासियत म्हणजे त्याचं घर. यातला नर तंबू बांधतो. भेरली माडाच्या लोंबणाऱ्या फळांच्या घोसात तो मधल्या माळा कुरतडून टाकतो आणि आत घंटेच्या आकाराची पोकळी करतो. पुण्याचे वटवाघूळ-अभ्यासक एच. आर. भट आणि अमेरिकेतले थॉमस कुन्झ यांनी १९९५ मध्ये याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. तमिळनाडूतल्या अभ्यासांत हेच वटवाघूळ अशोकाच्या फांद्यांतही तंबू करताना दिसलं. एकटा नर आठवडेच्या आठवडे देठ आणि फांद्या कुरतडत बसतो. घर झालं की माद्या येतात. एक नर, अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं, असा तो गट. शास्त्रज्ञ याला जनानखाना म्हणतात.

थोडक्यात, तंबू हा त्या नराचा स्थावर आणि लग्नाचा बायोडेटा, दोन्ही आहे.

पुण्यातला डेटा

आता खरा प्रश्न. तंबूत एक नर आणि दहा माद्या दिसल्या, तर त्या दहांच्या पिल्लांचा बाप तोच का?

जे स्टॉर्झ, एच. आर. भट आणि थॉमस कुन्झ यांनी पुण्यात हे तपासलं. २००१ मध्ये 'इव्होल्यूशन' या जर्नलमध्ये ते छापून आलं. त्यांनी एकूण ४३१ वटवाघळं खुणा करून नोंदवली आणि लागोपाठच्या दोन प्रजनन हंगामांतल्या पिल्लांचे बाप डीएनएवरून शोधले.

डीएनएवरून बाप शोधणं हे प्रोग्रामरच्या भाषेत मॅचिंगचं काम आहे. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे प्रत्येकात वेगळं असतं. अशी १० ठिकाणं निवडायची. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पिल्लाच्या आकड्यांतून आईचे आकडे वजा केले की उरतात ते बापाचे. मग सगळ्या नरांच्या यादीवर फिल्टर लावायचा. एका ठिकाणी जुळणारे खूप सापडतील, पण दहाच्या दहा ठिकाणी जुळणारा फार तर एखादाच. ओटीपीचा एक अंक योगायोगाने जुळू शकतो, सगळे अंक जुळायला नशीबच लागतं, तसंच.

निकाल काय आला? बाप होण्याचं यश नरांमध्ये कमालीचं विषम होतं. पिल्लं नरांमध्ये लॉटरीसारखी वाटली गेली असती तर जेवढी विषमता दिसली असती, त्याच्या ९.२ पटीपर्यंत. म्हणजे एका हंगामात काही मोजक्या नरांची पिल्लं भरपूर, आणि बाकीच्यांच्या नावावर शून्य.

याचा परिणाम एका आकड्यात दिसतो. एखाद्या ठिकाणी १०० प्रौढ वटवाघळं मोजली, तर जनुकांच्या हिशेबाने ती १०० धरता येत नाहीत. पुण्यातल्या गटासाठी ते प्रमाण ०.४२ निघालं. शंभर डोकी, पण जनुकांची विविधता टिकवण्याची ताकद ४२ जणांएवढी. ॲपला दहा लाख डाउनलोड असतात आणि रोज उघडणारे चार लाख, तसं काहीसं. अर्थात ही घट एकट्या जनानखान्यामुळे नाही. वेगवेगळ्या वयाचे प्राणी एकत्र राहतात त्या कुठल्याही गटात हे प्रमाण ०.२५ ते ०.७५ च्या दरम्यान येणं अपेक्षितच असतं.

पण याच अभ्यासात एक दिलासाही होता. पुढच्या हंगामात तेच नर बाप राहत नाहीत. मालक बदलतात, कालचे 'सिंगल' आज तंबूवाले होतात. त्यामुळे दीर्घ काळात बऱ्याच नरांना संधी मिळते आणि विविधता सांभाळली जाते. म्हणजे अशोकावर एकटाच लटकलेला नर बघून "एकच तर आहे" असं आपण म्हणतो, तो कदाचित पुढच्या हंगामाचा बाप असतो. तो या सिस्टिमचा बॅकअप आहे.

मग सहा हंगामांचा डेटा आला

गोष्ट इथे संपत नाही. २०१२ मध्ये 'मॉलिक्युलर इकॉलॉजी'मध्ये याच जातीवर दुसरा अभ्यास आला. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन, कृतिका गर्ग आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या वटवाघळांचा सहा हंगामांचा डेटा तपासला. त्यांचा निष्कर्ष पुण्याच्या उलट निघाला. तंबूत कोण कोणाबरोबर राहतं याचा आणि पिल्लांच्या बापाचा संबंध दिसेना. नरांमधली विषमताही अपेक्षेपेक्षा कमी होती. सिम्युलेशन चालवून बघितलं, तर ते चित्र 'कोणीही कोणाशीही' या पद्धतीपासून वेगळं काढता येईना.

म्हणजे तंबूतला नर हा ग्रुप ॲडमिनसारखा. ग्रुप त्याच्या नावावर आहे, पण मेसेज सगळेच टाकतात.

मग बरोबर कोण? माझ्या मते हा प्रश्नच घाईचा आहे. ठिकाणं वेगळी, हंगामांची संख्या वेगळी, नमुने वेगळे. दोन हंगामांचा डॅशबोर्ड आणि सहा हंगामांचा डॅशबोर्ड वेगळं चित्र दाखवू शकतात, हे डेटाबरोबर काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं ते दोन्हींत समान आहे: नुसती डोकी मोजून, किंवा नुसता तंबू बघून, या गटाचं भविष्य कळत नाही.

शर्यत मादीच्या शरीरात

मादी एकाहून जास्त नरांशी जुगत असेल, तर नरांची स्पर्धा मिलनानंतरही चालू राहते. आता शर्यत शुक्राणूंमध्ये. ज्याचे जास्त, ज्याचे जोमदार, त्याची शक्यता अधिक. जीवशास्त्रात याला शुक्राणूंची स्पर्धा म्हणतात. जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्ये कीटकांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली.

वटवाघळं या कल्पनेची मोठी प्रयोगशाळा आहेत. २००६ मध्ये पिटनिक, जोन्स आणि विल्किन्सन यांनी जगभरातल्या जातींची तुलना केली. वृषणांचं वजन शरीराच्या ०.१२ टक्क्यापासून ८.४ टक्क्यांपर्यंत आढळलं. ७० किलोच्या माणसाला लावून बघा: ८.४ टक्के म्हणजे जवळजवळ ६ किलो! प्रत्यक्षात माणसात दोन्ही मिळून साधारण ४० ग्रॅम भरतात. जिथे माद्या अनेक नरांशी जुगतात, तिथे वृषणं मोठी, हा कल स्पष्ट दिसतो. जास्त शुक्राणू तयार करायचे तर कारखाना मोठा लागतो.

शुक्राणूंचा दर्जा मोजायची पद्धत तर आपल्या फोनच्या जगाच्या अगदी जवळची आहे. मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावतात, सेकंदाला अनेक फ्रेम घेतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक शुक्राणूचं डोकं फ्रेममागून फ्रेम ट्रॅक करतं. ट्रॅफिक कॅमेरा गाड्या ट्रॅक करतो तेच तंत्र. त्यातून दोन वेग निघतात: प्रत्यक्ष वळणावळणाच्या वाटेवरचा, आणि सुरुवात ते शेवट सरळ रेषेतला. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की कळतं, शुक्राणू सरळ जातोय की गोल गोल फिरतोय. माणसांच्या वंध्यत्व तपासणीतही हेच सॉफ्टवेअर वापरतात.

काही वटवाघळांनी या शर्यतीला आणखी एक वळण दिलंय. कीटक खाणाऱ्या अनेक जातींत मादी शुक्राणू आपल्या शरीरात साठवून ठेवते आणि बीज नंतर सोडते. युरोपातल्या एका जातीत ही साठवण सहा महिन्यांहून जास्त टिकल्याची नोंद आहे. आपल्याकडे यावर पायाभूत काम केलं ते ए. गोपालकृष्ण यांनी. नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १९७१ मध्ये त्यांनी माधवन यांच्याबरोबर पिपिस्ट्रेलस सिलोनिकस या छोट्या कीटकभक्षी वटवाघळाच्या मादीत शुक्राणू किती काळ तग धरतात, यावर निबंध लिहिला.

फळं खाणाऱ्यांमध्ये मात्र इतकी लांब साठवण हा नियम नाही. त्यामुळे त्यांच्याकडे वेळ चुकवायची सोय कमी. नर तयार, मादी तयार आणि जागा तयार, हे तिन्ही एकाच वेळी जुळावं लागतं.

शरीरातलं कॅलेंडर

यातलं 'नर तयार' हे बारा महिने सारखं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं, की नराची वृषणं मिलनाच्या हंगामाआधी वाढतात आणि नंतर आक्रसतात, टेस्टोस्टेरॉनही त्याच लयीत वर-खाली होतं. शुक्राणू एका रात्रीत बनत नाही, त्याला काही आठवडे लागतात. त्यामुळे शरीराला हंगामाची तयारी आधीपासून करावी लागते. कोडिंगवाल्यांना सांगायचं तर हा शेड्यूल्ड जॉब आहे. बटण दाबून चालू होत नाही.

आपल्या छोट्या वटवाघळाचं वेळापत्रक असं: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास मिलन, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं. बाळंतपणानंतर लगेच पुन्हा मिलन, आणि जून-जुलैमध्ये दुसरी पिल्लं. प्रत्येक वेळी एका मादीला एकच पिल्लू. गुहांमध्ये राहणाऱ्या रुसेटस या फळखाऊ वटवाघळाचंही असंच दोनदा चालतं. १९७७ मध्ये गोपालकृष्ण आणि चौधरी यांनी बीएनएचएसच्या जर्नलमध्ये ते मांडलं होतं. मोठं टेरोपस मात्र वर्षातून एकदाच विते, आणि पिल्लू बहुधा एकच.

उंदराशी तुलना केली की यातला धोका कळतो. उंदीर एका वेळी अनेक पिल्लं घालतो, नुकसान झालं तर काही महिन्यांत भरून काढतो. वटवाघळाकडे तो पर्याय नाही. फार तर वर्षाला दोन, आणि हंगाम चुकला तर एक. 

आता आपलं कॅलेंडर शेजारी ठेवा. फांद्या पडू नयेत म्हणून छाटणी होते ती पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. म्हणजे माद्या भरलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या, पिल्लांना उडता येत नाही, आणि आठवडे घालून बांधलेला तंबू कटरने पाच मिनिटांत खाली.

पण निपाहचं काय?

भीती खोटी नाही. २०१८ च्या साथीत केरळमध्ये १७ जण गेले. पुण्याच्या एनआयव्हीने २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांच्यात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. पण प्रतिपिंडं म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी सामना झाला होता, एवढंच. त्या गुहेमुळे महाबळेश्वरात साथ आली नाही.

उलट हाकलण्याबद्दल ऑस्ट्रेलियाचा अनुभव बघण्यासारखा आहे. तिथे हेंड्रा हा निपाहचाच चुलत विषाणू वटवाघळांकडून घोड्यांत येतो. २५ वर्षांचा डेटा तपासून २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा: जंगल तुटलं आणि अन्न कमी पडलं, की वटवाघळं छोट्या गटांनी वस्त्यांजवळ येतात आणि संसर्गाच्या घटना वाढतात. जंगलात हिवाळी फुलोरा भरपूर आला, की ती परत तिकडे जातात आणि घटना थांबतात. त्याआधी २००८ मध्ये रेना प्लाउराइट यांच्या अभ्यासात गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांमध्ये संसर्गाचा धोका जास्त दिसला होता. तो हेंड्राचा आणि तिथल्या जातीचा अभ्यास आहे, आपल्याकडे तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण नेमक्या बाळंतपणाच्या दिवसांत झाड तोडून त्यांना ताण देणं हा आरोग्याचा उपाय आहे, असं म्हणायला आधार कुठेच नाही.

आपल्या हातातली काळजी साधी आहे: चावलेलं, पडलेलं फळ खायचं नाही, बाकीची फळं धुऊन खायची, आजारी किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही.

कायदा कुठवर आलाय

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती. उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीत, 'उपद्रवी' म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू आहे. म्हणजे पन्नास वर्षं डोक्यावर असलेला तो शिक्का गेला. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्राकडे अजून आहे, पण त्यासाठी वेगळी अधिसूचना लागते. आपल्या मीटिंगचा ठराव त्याला पुरत नाही.

झाडांच्या कायद्यातही २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षांहून जुनं झाड 'हेरिटेज' धरायचं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या भागातल्या टॉवरांमधले अशोक जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचे. ते या व्याख्येत बसतच नाहीत. आणि भरपाईची रोपं लावली, तरी त्यांच्यावर तंबू होण्याइतकी पानं यायला कित्येक वर्षं जातील. तोवर दर वर्षीचे दोन हंगाम कोरडे. कायदा झाड मोजतो, झाडावरचं कॅलेंडर मोजत नाही.

तारीख बदलली तरी पुष्कळ

झाडांना हातच लावू नका, असं मी म्हणत नाही. धोकादायक फांदी काढावीच लागते. पण नेहमीची छाटणी मे-जूनऐवजी सप्टेंबर ते जानेवारीत घेता येते. जून-जुलैची पिल्लं तोवर उडायला लागलेली असतात आणि पुढची अजून यायची असतात. जानेवारीत छाटलेलं झाड जूनच्या वादळालाही तयार असतं. खर्च तोच, परवानगीची प्रक्रिया तीच.

छाटणीआधी पाच मिनिटं झाडाखाली बघा. चघळून टाकलेला फळांचा चोथा, कुरतडलेली पानं, विष्ठेचे डाग दिसले, तर वर कोणीतरी राहतंय. फ्लॅश न लावता फोटो काढा आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाका. पुण्याचा अभ्यास दोन हंगामांचा होता, बंगळूरचा सहा. ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या सोसायट्यांनी नुसत्या तारखा नोंदवल्या, तरी आपल्याकडची पिल्लं नेमकी कोणत्या आठवड्यात येतात ते कळेल, आणि महापालिकेकडे छाटणीचा अर्ज करताना सोबत जोडायला काहीतरी ठोस असेल.

पुढच्या वेळी ग्रुपवर "काहीतरी करा" आलं, की उत्तरात एकच विचारा: कोणत्या महिन्यात?